स्लॅब किती जाड असावा?

परभणी जिल्ह्यांतील आमच्या पेडगांवासारख्या गांवांत आज नवें घर बांधावयाचें म्हटलें कीं माळवदाचें नांव सहसा कोणी काढीत नाहीं. स्लॅबच घालावयाचा, हें ठरलेलें असतें. मालक गवंड्यास विचारतो, ‘किती इंच?’ गवंडी सांगतो, ‘पांच.’ आंगण असो, गोठा असो, छप्पर असो कीं सज्जा असो, बहुधा उत्तर तेंच मिळतें. एकाच मापाचा अंगरखा घरांतल्या सर्वांना घालावा, त्यांतलाच हा प्रकार होय.

काँक्रीट दोन तऱ्हांनीं वापरलें जातें. एक जमिनीवर अंथरलेलें, ज्याला आपण कोबा म्हणतों. दुसरें भिंतींवर टेकून अधांतरीं राहणारें. या दोहोंचे नियम अगदीं निराळे आहेत, हें प्रथम ध्यानांत घ्यावें.

कोब्याचा भार शेवटीं जमीनच सोसते, आणि आपली जमीन आहे काळी. ही माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत आकसते व तिला हात जाईल एवढाल्या भेगा पडतात. अशा मातीवर थेट सहा इंच काँक्रीट ओतलें, तरी दोन पावसाळ्यांत तें चिरलें तर नवल मानूं नये. तेथें जाडी वाढविणें म्हणजे रोग पोटांत असतां कपाळाला लेप लावणें. वरची मऊ काळी माती काढून टाकावी, निदान नऊ इंच मुरूम थराथरानें घालावा, प्रत्येक थर पाणी मारून धुमसानें ठोकावा, आणि पाणी साचणार नाहीं असा उतार ठेवावा. दोन इंच काँक्रीट वाढविण्याचा पैसा असेल, तर तो आधीं मुरुमांत घालावा असें माझें स्पष्ट मत आहे.

एवढें झाल्यावर जाडीकडे वळावें. माणसांच्या वावरास तीन ते चार इंच पुरतात. गोठ्याला व सोयाबीन वाळविण्याच्या खळ्याला चार. भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर ज्या आंगणांत वळतो, तेथें सहा इंचांहून कमी नको. खेड्यांतील काँक्रीटच्या रस्त्यालाही साधारण तेवढीच, म्हणजे १५० मिलिमीटर, जाडी निदान धरतात. मालमोटार आंत येणार असेल तर आठ इंच धरावे.

येथें एक गणित मोठें मौजेचें आहे. कोब्याची वांकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणें वाढते. चाराचा वर्ग १६, पांचाचा २५, सहाचा ३६. म्हणजे चाराचे पांच इंच केले तर माल पावपटीनें वाढतो आणि ताकद दीडपटीहून अधिक होते. सहा केले तर माल दीडपट, ताकद सव्वादोनपट. वर्ग शिकवितांना कंटाळणाऱ्या मुलांना हें उदाहरण द्यावें. चार इंची कोब्याला दर आठ-दहा फुटांवर सांधा मात्र ठेवावा. काँक्रीट आकसतांना तडकणारच. तें आपण आंखलेल्या रेषेंत तडकलें तर शोभा जात नाहीं.

आतां छपराकडे येऊं. १८६७ सालीं जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्यानें कुंड्यांच्या काँक्रीटांत लोखंडी जाळी घालण्याचें पेटंट घेतलें. त्यांतलें मर्म असें कीं काँक्रीट दाब सोसतें, पण ताण सोसत नाहीं. तो सळईनें सोसावा. छपराचा स्लॅब मध्यें खालीं वांकूं पाहतो, म्हणून ताण खालच्या अंगाला येतो आणि सळई तळाशीं हवी. ती अगदीं फळ्यांना चिकटूं न देतां २० मिलिमीटर उंच राहावी, यासाठीं खालीं सिमेंटचे लहान ठोकळे ठेवतात. सज्जाची गोष्ट नेमकी उलटी. तो भिंतींतून बाहेर डोकावतो, ताण वरच्या अंगाला येतो, आणि सळई वर लागते. मजुरांच्या पायांखालीं ही वरची सळई दबून तळाशीं गेली, तर स्लॅब आठ इंच जाड केला तरी सज्जा पडावयाचा तो पडतोच. तीन फूट बाहेर आलेल्या सज्जाला भिंतीपाशीं पांच इंच आणि टोंकाला तीन-चार इंच ठेवण्याचा प्रघात आहे.

छपराची जाडी खोलीच्या आंखूड बाजूवरून ठरते, कारण भार जवळच्या भिंतींकडे अधिक जातो. ही बाजू साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे सुमारें साडेअकरा फुटांपर्यंत असून स्लॅब चारही भिंतींवर टेकला असेल, तर घरगुती भारासाठीं तिचा अठ्ठाविसावा भाग धरावा. दहा बाय बारा फुटांची खोली घ्या. दहा फूट म्हणजे १२० इंच; भाग आला सव्वाचार. तेव्हां साडेचार ते पांच इंच योग्य. सहा फुटांच्या ओसरीला चार इंच बस्स. पंधरा फुटांच्या दिवाणखान्याला मात्र हा ठोकताळा लावूं नये; तेथें इंजिनियराकडून तुळई घालून घ्यावी.

‘एक इंच जास्त टाकला तर काय बिघडलें?’ असें विचारणारे पुष्कळ भेटतात. त्या दहा बाय बाराच्या खोलीवर प्रत्येक जादा इंच सुमारें सात क्विंटल वजन चढवितो, आणि तें भिंतींना व पायाला जन्मभर वाहावें लागतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें दगावलीं. तेथील बहुतेक घरांना मातींत रचलेल्या दगडी भिंती होत्या आणि वर मातीचें जाड माळवद. एक फूट जाडीच्या मातीचें वजन दर चौरस मीटरला पांच क्विंटलांच्या आसपास भरतें. पांच इंची स्लॅबचें तीन क्विंटलांहून थोडें अधिक. जाड छप्पर म्हणजे सुरक्षित छप्पर, ही समजूत मराठवाड्यानें फार मोठी किंमत देऊन तपासली आहे. म्हणून जुन्या माती-दगडाच्या भिंतींवर नुसता स्लॅब चढविण्याचा मोह धरूं नये, आणि हजार लिटरची, म्हणजे दहा क्विंटलांची, पाण्याची टांकी खोलीच्या मध्यावर न ठेवतां भिंतीच्या डोक्यावर ठेवावी.

आमच्याकडील उन्हांत ओलें ठेवण्याची हयगय झाली तर जाडी फुकट जाते. निदान दहा दिवस वर पाणी बांधून ठेवावें, चौदा ठेवल्यास उत्तम.

राहतां राहिलें मोजमाप. पांच इंच ठरवून कडेला पांच आणि मध्यें साडेतीन भरलेले स्लॅब मीं पाहिले आहेत. एका पातळ गजावर पांच इंचांवर रंगाची खूण करावी, ओतणें चालू असतां तो दर चार-पांच फुटांवर फळीपर्यंत उभा खुपसावा, आणि खूण वर दिसली तर गवंड्यास तेथल्या तेथें थांबवून माल घालावयास सांगावें.