प्रादेशिक ज्ञान आणि नवे उद्योग : औरंगाबादचा दाखला

नव्या व्यवसायास भांडवल, कच्चा माल व बाजारपेठ लागते, हे अर्थशास्त्राचे परिचित विधान होय. परंतु या गोष्टी सारख्याच असूनही धंदा एका गावी रुजतो व दुसऱ्या गावी रुजत नाही, याचा उलगडा त्याने होत नाही. एखाद्या प्रदेशात दीर्घकाळ नांदलेल्या व्यवसायाचे ज्ञान तेथील वातावरणातच मुरते व मुले ते नकळत आत्मसात करतात, असे आल्फ्रेड मार्शल याने 1890 मध्ये प्रतिपादिले. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे 2023 पूर्वीचे औरंगाबाद, हे शहर या मताची पारख करण्यास सोयीचे आहे.

येथील जुने ज्ञान हिमरूचे. सूत व रेशीम यांच्या या विणकामात नक्षी मागावर बांधलेल्या दोऱ्यांच्या जाल्यात साठविलेली असते, आणि तो बांधणे पुस्तकातून येत नाही. हे कसब मोजक्या घराण्यांतच राहिले. यंत्रमागाच्या स्वस्त नकला आल्यावर ते पसरण्याऐवजी आकसले. पैठणीचे तसे झाले नाही. नाव पैठणचे, परंतु कसब विणकरांबरोबर येवल्यास गेले व धंदा तेथे वाढला. ज्ञान प्रादेशिक ठरते ते भूमीमुळे नव्हे, माणसांमुळे.

वाळूजची कथा अलीकडची. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तेथे सुरू झाला. त्याच वर्षी अनुरंग जैन यांनी या शहरात ॲल्युमिनियमचे ओतीव भाग करण्याचा व्यवसाय आरंभिला. पुढे त्यातूनच एन्ड्युरन्स हा उद्योग वाढला. साचा किती तापला म्हणजे धातू नीट भरतो, तयार भाग कोणत्या बारीक दोषापायी परत येतो, हे ज्ञान अशा कारखान्यांतच मिळते, आणि ते कामगाराबरोबर फाटकाबाहेरही पडते. त्याची भाषाही सोबत येते : हिमरूवाल्यांची परिभाषा फारसी वळणाची, तर वाळूजच्या मराठीत ‘डाय’, ‘जॉब’, ‘रिजेक्शन’ हे शब्द घरचेच झाले आहेत.

तथापि ज्ञानालाच सारे श्रेय देणे भाबडेपणाचे होईल. अनुरंग जैन हे राहुल बजाज यांचे भाचे. पहिली मागणी मिळण्यास कसबाइतकाच विश्वास लागतो, आणि तो नात्यागोत्यातून लवकर लाभतो. कोरडवाहू गावातून आलेल्या फिटरजवळ कसब असते, ओळख नसते. म्हणून त्याने काढलेले शेड बहुधा दुसऱ्याच्या आराखड्यावर मजुरीचे काम करीत राहते. शिवाय बजाजचे संशोधनकेंद्र पुण्याजवळ आकुर्डीस आहे. भाग घडविण्याची विद्या वाळूजला पोचली. गाडी आखण्याची विद्या मात्र तिच्याबरोबर आली नाही.