मीठ, साखर, पाणी आणि माप

मुलांनो, आज एक कोडं घालते. तुमच्या वर्गातल्या एका मुलाचं वजन ३० किलो आहे. तर त्याच्या शरीरात पाणी किती असेल?

"आत्ताच बाटली संपवली असेल तर एक लिटर!" असं म्हणाल. पण नाही! आपल्या वजनापैकी साधारण ६० टक्के वजन पाण्याचंच असतं. म्हणजे त्या मुलाच्या अंगात जवळजवळ १८ लिटर पाणी आहे. एक मोठी बादली भरेल की! रक्तात पाणी, स्नायूंत पाणी, मेंदूतसुद्धा पाणी.

घाम, लघवी आणि श्वास यांवाटे हे पाणी सतत बाहेर जात असतं. आपण पितो-खातो त्यातून ते परत भरलं जातं. पण जाणारं पाणी जास्त आणि येणारं कमी झालं, की शरीराला कोरड पडते. यालाच म्हणतात निर्जलीकरण, म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं. कडक उन्हात खेळल्याने ते होतं, तापात होतं आणि सगळ्यांत वेगाने होतं जुलाब-उलट्यांमध्ये. आपल्या ३० किलोच्या मुलाच्या अंगातलं तीन लिटर पाणी कमी झालं तर त्याच्या जिवाला धोका असतो. पण १० किलोच्या तान्ह्या भावंडाला एक लिटर गेलं तरी तेवढाच धोका! म्हणून घरातल्या लहानग्यांना जास्त जपायचं.

शरीर खुणा करतं

पाणी कमी झालं की शरीर आपल्याला सांगतं, बरं का! आपण ते ओळखायला शिकलं पाहिजे.

आधी तहान लागते, तोंड आणि ओठ सुकतात. लघवी कमी होते आणि गडद पिवळी होते. (पाणी पुरेसं असलं की ती फिकट पिवळी असते.) डोकं दुखतं, गरगरतं, चिडचिड होते.

पाणी आणखी कमी झालं की डोळे खोल जातात. मूल रडतं, पण डोळ्यांत पाणी येत नाही. तान्ह्या बाळाची टाळू खोल जाते. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती चटकन सपाट होत नाही, हळूहळू खाली बसते. मूल मलूल होऊन पडून राहतं. ही वेळ थांबायची नाही, दवाखान्यात पळायची!

"पाणी नको पाजूस!"

आता एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. बाळाला जुलाब लागले की अजूनही काही घरांत ऐकू येतं, "अगं, पाणी नको पाजूस त्याला. जेवढं पाजशील तेवढं बाहेर पडेल." म्हणणाऱ्या आजीची माया खरी असते, पण सल्ला चुकीचा. जुलाबात मूल दगावतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ते वेळेवर भरून काढले, तर मूल वाचतं.

हे जगाला कुठे पटलं, ठाऊक आहे? आपल्याच देशात, पश्चिम बंगालमधल्या बनगावला.

साल १९७१. बांगलादेशचा मुक्तिसंग्राम चालू होता. लाखो निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले. छावण्यांमध्ये कॉलरा पसरला. बनगावच्या छोट्याशा रुग्णालयात खाटा संपल्या, रोगी जमिनीवर झोपले. कॉलऱ्यावर तेव्हा मुख्य इलाज होता शिरेतून सलाईन. पण सलाईनच्या बाटल्या पुरेनात, ते लावणारी माणसंही पुरेनात.

तिथे होते बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनाबिस. त्यांनी ठरवलं, पाणी शिरेतून देता येत नाही ना, मग तोंडाने देऊ! मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळला आणि पिंपं भरून ठेवली. रोग्याच्या आईने, भावाने, काकाने ते पाणी पेल्यात घ्यायचं आणि थोडंथोडं पाजत राहायचं. आधी तिथे शंभरातले सुमारे तीस रोगी दगावत होते. आता ते प्रमाण चारच्याही खाली आलं! डॉक्टर महालनाबिस २०२२ साली वारले. २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

साखर कशाला?

तुम्ही म्हणाल, "बाई, मीठ गेलं म्हणून मीठ द्यायचं. मग साखर कशाला?"

छान प्रश्न! जुलाबात आतडं नुसतं मीठ नीट आत घेत नाही. पण आतड्याच्या भिंतीत एक खास दार असतं. त्यातून मीठ आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाबातही हे दार उघडं राहतं.

मात्र माप चुकवायचं नाही. साखर जास्त झाली तर ती उलट अंगातलं पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते घातक ठरतं.

सगळ्यांत चांगली ती ओआरएसची पुडी, म्हणजेच जलसंजीवनी. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय, तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती पूर्ण विरघळवायची. २४ तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. डब्यातली गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे, हेही लक्षात ठेवा. पुडी मिळेपर्यंत घरी असं करा: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप द्यायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमच्याचमच्याने पाजायचं. आईचं दूध आणि रोजचं जेवण बंद करायचं नाही. मूल काही पीतच नसेल, जुलाबात रक्त दिसत असेल, सारखी उलटी होत असेल किंवा सहा तासांत लघवी झाली नसेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्यायचं. वाटेतही पाजत राहायचं.

बांगलादेशात १९८० ते १९९० या काळात 'ब्रॅक' संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या. एक कोटी वीस लाखांहून जास्त घरांत त्यांनी आयांना मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं. आणि गंमत म्हणजे, आयांना किती लक्षात राहिलं ते तपासून कार्यकर्त्यांचा पगार ठरे! शिकवणं म्हणजे नुसतं सांगणं नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि रोजचं काय?

धडधाकट असताना ओआरएस लागत नाही, साधं पाणी पुरतं. शाळेत जाणाऱ्या मुलाला दिवसाला साधारण सात-आठ पेले, उन्हाळ्यात आणि खेळताना त्याहून जास्त. ताक, पेज, कोकम सरबत, कलिंगड यांतूनही पाणी मिळतं. केरळमधल्या शाळांमध्ये २०१९ साली पाणी पिण्यासाठी खास घंटा सुरू झाली. तशी आपल्याही वर्गात करता येईल.

पालकांनो, मुलाची बाटली संध्याकाळी भरलेलीच परत येते का, ते बघा. येत असेल तर रागावू नका, कारण विचारा. कित्येक मुली शाळेतलं स्वच्छतागृह घाण असतं म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग दोष मुलीचा नाही. ते स्वच्छ ठेवणं हे आपलं, मोठ्यांचं काम आहे.

मुलांनो, या रविवारी एक काम करा. मोजून मीठ-साखरेचं पाणी बनवा, चव घ्या आणि माप एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात चिकटवा. मग आजीला ते पाठ म्हणून दाखवा, आणि तिच्याकडून म्हणवूनही घ्या!