परमनंट मेकअप करताय? भिंतीवरचं सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नाही!

तुळशीचं लग्न लागलं की नाशिकमध्ये लग्नांचा सीझन सुरू होतो. त्यासोबत इन्स्टाग्रामवर कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगरच्या स्टुडिओंच्या रील्सही सुरू होतात. आधी विरळ भुवया, दोन सेकंदांत भरगच्च भुवया. खाली कमेंट्समध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, "प्राइस?"

पण दोन प्रश्न फारसं कोणी विचारत नाही. सुई नवी आहे का? आणि हे काम करायची परवानगी यांना कोणी दिली?

नाव मेकअपचं, काम टॅटूचं

मायक्रोब्लेडिंग, लिप ब्लश, परमनंट आयलायनर अशी नावं वेगवेगळी असली तरी पद्धत एकच. सुईनं किंवा बारीक ब्लेडनं त्वचा टोचायची आणि आतल्या थरात रंग सोडायचा. आपल्या आज्यांच्या कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण आठवा, हे त्याच जातकुळीतलं आहे. फरक इतकाच, की हा रंग साधारण एक ते तीन वर्षांत फिका पडत जातो. पूर्ण जाईलच याची खात्री नसते.

म्हणजे हे थ्रेडिंग किंवा फेशियलसारखं पार्लरचं काम नाही. इथे रक्ताशी संबंध येतो.

धोका नेमका कुठे आहे?

सुई : एकाची सुई दुसऱ्याला वापरली, तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. त्यामुळे 'सुई पुसून घेतली' याला काही अर्थ नाही. पार्लरमध्ये दिसणाऱ्या निळ्या दिव्याच्या यूव्ही बॉक्सनंही अवजारं पूर्ण निर्जंतुक होत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसची वाफ. सुई आणि ब्लेड मात्र एकदा वापरून फेकायचेच.

रंग : अमेरिकेत २००३-०४ मध्ये एका कंपनीच्या परमनंट मेकअपच्या काही शेड्समुळे त्रास झाल्याच्या १५०हून जास्त तक्रारी तिथल्या एफडीएकडे आल्या होत्या. सूज, गाठी, त्वचा तडकणं अशा त्या तक्रारी होत्या. ॲलर्जी लगेच दिसेल असंही नाही, कधी कधी ती काही वर्षांनीही येते. त्यामुळे पॅच टेस्ट जरूर करा, पण तिला गॅरंटी समजू नका.

बधिर करणारं क्रीम : यात लिडोकेन असतं. प्रमाणापेक्षा जास्त लावलं तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं अशा जास्त तीव्रतेच्या क्रीमबद्दल इशारा दिला होता. आणि कोणी बधिर करायचं इंजेक्शन काढलं, तर ते देणारी व्यक्ती डॉक्टर आहे का, हे आधी विचारा.

'नाही आवडलं तर लेझरनं काढू' : हे वाटतं तितकं सोपं नाही. ओठांच्या गुलाबी किंवा त्वचेच्या रंगाच्या शेड्समध्ये बऱ्याचदा टायटॅनियम डायऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइड असतं. लेझर पडल्यावर हे रंग उलट काळे पडू शकतात.

मग लायसन्सचं काय?

खरी गोम इथे आहे. परमनंट मेकअप करणाऱ्या व्यक्तीला परीक्षा घेऊन लायसन्स देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही.

भिंतीवर जे लावलेलं असतं ते बहुतेकदा दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे गुमास्ता, म्हणजेच दुकान नोंदणी. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा कामाचे तास, सुट्ट्या आणि कामगारांच्या सोयी पाहतो. ग्राहकाला टोचायची सुई कुठली, हे तो पाहत नाही. दुसरं म्हणजे कोर्सचं सर्टिफिकेट. ते काही महिन्यांच्या कोर्सचं असू शकतं, तसंच दोन दिवसांच्या वर्कशॉपचंही.

इतरांकडे काय आहे? कॅलिफोर्नियात २०१२ पासून लागू असलेल्या कायद्यानं परमनंट मेकअप करणाऱ्यांना नोंदणी आणि रक्तातून पसरणाऱ्या आजारांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. युरोपियन युनियननं जानेवारी २०२२ पासून टॅटू आणि परमनंट मेकअपच्या रंगांमधल्या हजारो रसायनांवर निर्बंध आणले. आपल्याकडे २०२५ च्या सुरुवातीला कर्नाटकचे आरोग्यमंत्री दिनेश गुंडू राव यांनी टॅटूच्या शाईच्या तपासणीत २२ प्रकारचे धातू आढळल्याचं सांगितलं आणि केंद्रानं या शाईसाठी मानकं ठरवावीत अशी भूमिका घेतली.

गंमत बघा. टॅटू काढल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे रक्त द्यायला गेलात की यंत्रणा तुमची सुई गांभीर्यानं घेते. ती सुई टोचली जात असताना मात्र तिथे कोणी तपासणारं नसतं. ते काम तुम्हालाच करावं लागतं.

खुर्चीत बसण्याआधी हे बघा

- सुई किंवा ब्लेडचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातंय का? त्यावरची एक्स्पायरी वाचा.
- रंगाच्या बाटलीवर कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि एक्स्पायरी आहे का? फोटो काढून ठेवा. उद्या ॲलर्जी झाली तर डॉक्टर हेच विचारतील.
- रंग वेगळ्या छोट्या कपात घेतला का? उरलेला परत बाटलीत ओतला तर तिथून उठा.
- ग्लोव्हज नवे आहेत का? तेच घालून मोबाइल उचलला, तर बदलायला सांगा.
- वापरलेल्या सुया जाड, बंद डब्यात जातात की साध्या कचऱ्याच्या टोपलीत?
- तुमच्या तब्येतीची विचारपूस झाली का? गर्भवती असाल, डायबेटिस असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा जखमेचा व्रण फुगत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. ओठांवर पूर्वी तापाचे फोड आले असतील तर लिप ब्लशनंतर ते पुन्हा उठू शकतात.

हिपॅटायटिस बीची लस आहे, तिचे तीन डोस साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतात. हिपॅटायटिस सीवर मात्र लस नाही. आणि हो, लग्नाच्या आदल्या आठवड्यात हा प्रयोग नको. खपल्या पडून रंग बसायला वेळ लागतो, टच-अपही साधारण महिना-दीड महिन्यानं होतो.

काही बिघडलंच तर?

सूज, पू, ताप किंवा गाठी दिसल्या तर 'चार दिवसांत बरं होईल' हा पार्लरचा सल्ला पुरेसा नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. फोटो, बिल आणि चॅट जपून ठेवा. पैसे रोख दिले असले तरी बिल मागाच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे भागलं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

तर पुढच्या रीलखाली "प्राइस?" विचारताना "सुई माझ्यासमोर उघडाल का?" हेही विचारा. चांगलं काम करणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्या खुर्चीत बसू नका.