काटकसर केली, पण...

२००८ च्या मंदीत ह्यांचा ओव्हरटाइम बंद झाला आणि मी वाणसामानापासून रिक्षापर्यंत सगळ्याला कात्री लावली. तांदळाच्या डब्यात साठलेले पैसे ठेवले कुठे? तर दोन टक्के जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेत! वर्षभरात तिला कुलूप लागलं. लेकीच्या फीसाठी पाटल्या मोडल्या. तेव्हा कळलं, ठेव विमा बँकेतल्या ठेवींना असतो, पतसंस्थेतल्या नाही. बँकेतही एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच संरक्षण. २०२० आधी तर ते १ लाखच होतं. मैत्रिणींनो, काटकसर आपल्याला कुणी शिकवायला नको. पण डब्यातला पैसा बाहेर ठेवताना व्याजाआधी एवढं विचाराच, ‘ह्याला विमा आहे ना?’