जपानी रेशमी भरतकाम आणि त्यात न सापडणारी बायकांची नावं

भिवंडीत माग चालतात, पडघ्यात कापडाच्या गाठी गोदामात उतरतात. धागा, ताणा, बाणा हे शब्द आपल्याकडच्या पोरांना पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. तरीही बुद्धप्रतिमा म्हटलं की डोळ्यांपुढे दगड येतो, पितळ येतं, आणि जयंतीच्या दिवसांत फ्लेक्स येतो. सुईदोऱ्याने केलेला बुद्ध सहसा येत नाही.

जपानमध्ये अशा प्रतिमेला स्वतंत्र शब्द आहे, 'शुबुत्सु', म्हणजे भरतकामातला बुद्ध. 'निहोन शोकी' या जुन्या इतिहासग्रंथातली नोंद सांगते, की इ.स. ६०५ मध्ये सम्राज्ञी सुइको हिने बुद्धाची एक प्रतिमा तांब्याची आणि एक भरतकामाची करायला सांगितली. म्हणजे धम्म जपानी दरबारात रुजत होता, तेव्हा धातू आणि धागा यांचा मान एकच होता. भरतकाम ही 'बायकांची फावल्या वेळातली हौस' हे नंतरचं मत आहे, आणि ते आपल्याकडेही आहे.

हे काम पुढे कसं सरकतं ते आधी पाहू. लाकडी चौकटीवर रेशमी कापड ढोलकीसारखं ताणून बांधतात. मुंबईतल्या जरदोजीच्या कारखान्यात अड्डा पाहिला असेल तर ही मांडणी लगेच कळेल. एक हात कापडाच्या वर, दुसरा खाली, सुई दोघांमध्ये ये-जा करते. रेशीम पीळ न दिलेलं, सपाट असतं. एका धाग्यात साधारण १२ बारीक तंतू असतात आणि कुठे किती तंतू घ्यायचे ते काम करणारी ठरवते. पाकळीसाठी सपाट धागा, देठासाठी पीळ दिलेला. हा पीळही ती स्वतःच्या तळहातांवर देते. सपाट रेशमावर उजेड पडला की ते चमकतं, पीळ दिला की चमक मावळते पण मजबुती येते. रंग तोच राहतो, फक्त पिळाने छटा बदलते. सोन्याचा धागा कापडातून आरपार जात नाही. तो वर मांडून बारीक टाक्यांनी जखडतात, जरदोजीत जखडतात तसाच.

क्रमही ध्यानात घेण्यासारखा आहे. चित्रकार बहुधा मागची पार्श्वभूमी आधी रंगवतो. इथे जे पुढे दिसणार ते आधी भरतात आणि मागचं नंतर, मध्ये केसाएवढी फट सोडून. त्यामुळे महिनाभर काम केल्यावरही कापड बरंचसं रिकामंच दिसतं. किती इंच झालं, या मापाने हे काम मोजणारा वैतागणारच. शेवटी धूळ काढून मागून खळ लावतात, टाके बसवतात, मगच कापड चौकटीवरून उतरतं.

एक गोष्ट या कलेच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकलेली असते. सपाट रेशीम खरखरीत बोटाला अडकतं आणि तंतू विस्कटतात. म्हणून या कामात हात मऊ ठेवावे लागतात. आता भांडी घासणारी, वीट उचलणारी, गोदामात खोके बांधणारी बाई डोळ्यांपुढे आणा. तिला ही कला येणार नाही असं नाही, पण ही कला जे हात मागते ते तिच्या पोटापाण्याच्या कामाने ठेवलेले नसतात. कला 'सर्वांसाठी खुली' असते असं आपण सहज म्हणतो, पण दाराशीच बोटं तपासली जातात.

जपानमधलं सर्वांत जुनं शिल्लक भरतकाम म्हणजे नाराजवळच्या चूगूजी या विहारातलं 'तेन्जुकोकु शुचो'. इ.स. ६२२ मध्ये राजपुत्र शोतोकु वारला. त्याची एक पत्नी ताचिबाना हिने आजी सुइको हिच्याकडे विनंती केली आणि त्याच्या स्मरणार्थ दोन मोठे पडदे भरवून घेतले. पडद्यांवर १०० कासवं होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर ४ अक्षरं, अशा ४०० अक्षरांत कामाची हकीकत होती. आज फक्त तुकडे उरलेत, पण हा मजकूर एका जुन्या ग्रंथात उतरवलेला असल्याने वाचता येतो. तो नेमका केव्हाचा, यावर अभ्यासकांत वाद आहे.

त्या मजकुरात आराखडा काढणाऱ्या तिघांची नावं आहेत, देखरेख करणाऱ्या एकाचंही आहे. हे चौघे कोरिया आणि चीनकडून आलेल्या स्थलांतरित घराण्यांतले, म्हणजे बाहेरून आलेल्या कारागिरांचीही नोंद झाली. भरतकाम ज्यांनी केलं त्या दरबारातल्या बायका, 'उनेमे'. त्यांचा उल्लेख एवढाच. नाव एकीचंही नाही.

पुढे १२७५ मध्ये शिन्न्यो या भिक्खुणीच्या पुढाकाराने त्याची नवी प्रत झाली. दोन्ही झिजल्यावर एदो काळात उरलेले तुकडे एकत्र जोडले गेले. त्यामुळे एकाच चौकटीत सातव्या आणि तेराव्या शतकाचे टाके शेजारी दिसतात. गंमत अशी की साडेसहाशे वर्षांनी जुने असलेले टाके जास्त चांगले टिकलेत. जुन्या कामात घट्ट पीळ दिलेला धागा आणि सगळीकडे एकच टाका, आपण ज्याला उलटी टीप म्हणतो तो. नव्या कामात टाक्यांचे प्रकार भरपूर, धागा मात्र सैल पिळाचा, आणि तो विटला, विस्कटला. माझ्या मते संघटना बांधणाऱ्यांनी हे दोन तुकडे जवळून पाहावेत.

नारा राष्ट्रीय संग्रहालयात शाक्यमुनी उपदेश करतानाचं मोठं भरतकाम आहे, क्योतोच्या काजूजी विहारातून आलेलं. ते मुख्यतः साखळी टाक्याने केलंय, आणि गाठीचा टाकाही त्यात आहे. आपल्या आयांनी उशीच्या अभ्र्यांवर काढलेले हेच दोन टाके.

दोन आक्षेप येतील. पहिला, तेन्जुकोकु म्हणजे मृत्यूनंतरचं सुखाचं जग, मग बाबासाहेबांच्या धम्मात त्याचं काय काम? काहीच नाही. ती कल्पना घेण्याची गरज नाही, त्या कापडावर झालेली मेहनत मात्र पाहता येते. दुसरा आक्षेप रेशमाचा, कारण त्यासाठी किडे उकळत्या पाण्यात मरतात. हा प्रश्न जुना आहे. विनयात चीवरासाठी चालणाऱ्या सहा प्रकारच्या कापडांत रेशीम आहे, पण रेशीम मिसळून आसन बनवून घेणाऱ्या भिक्खूला दोष लागतो, आणि त्या नियमामागच्या कथेत जीवहत्येचाच मुद्दा आहे. सातव्या शतकात चीनमधले विनयाचार्य दाओश्वान रेशमी चीवराच्या विरोधात होते, तर भारतात राहून गेलेल्या इत्सिंगने ती भूमिका अतिरेकी ठरवली. मला दाओश्वान जवळचे वाटतात. टाके सुती धाग्यावरही तेच पडतात, आणि सुती धागा भिवंडीत कमी नाही.

कापड आणि धम्म यांचं नातं शोधायला जपानपर्यंत जायचीही गरज नाही. पडघ्यावरून जाणारा महामार्ग नाशिकला पोहोचतो, तिथे त्रिरश्मी लेण्यांत क्रमांक १० मध्ये उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. वर्षाचं व्याज २४०. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२, हिशेब तंतोतंत जुळतो. म्हणजे भिक्खूंच्या अंगावरचं वस्त्र विणकरांच्या धंद्यातून येत होतं. दात्याचं नाव दगडावर आहे, विणकरांचं नाही.

आपल्या वस्त्यांत शिवणकाम, मणीकाम, टिकलीकाम घरी आणून करणाऱ्या बायका आहेत, मजुरी नगावर. विहारात पंचशील ध्वज किंवा बुद्धाची एखादी प्रतिमा भरायची ठरली तर शिकवणाऱ्या त्याच असतील. दोन बाय दोन फुटांचं सुती कापड, एक लाकडी चौकट, साखळी टाका आणि गाठीचा टाका एवढ्यावर सुरुवात होते. आठवड्यातून दोन तास दिले तर वर्ष सहज जाईल. शिकवणाऱ्या बाईला त्या तासांची मजुरी द्यावी, धम्मकार्य म्हणून फुकट मागू नये. आणि कापड चौकटीवरून उतरवण्याआधी मागच्या बाजूला, ज्यांनी एक जरी टाका घातला त्या सगळ्यांची नावं उलट्या टिपेने भरावीत.