वळवाचा गडगडाट आणि उंबरठ्याबाहेरचा जीव

वैशाखातील जुळे सोलापूरची दुपार कूलरच्या घरघरीत सरते. पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो, रस्ते ओस पडलेले असतात आणि दुकान-पेढीवर गेलेली कर्ती माणसे रात्रीच परतायची असतात. चार-साडेचारच्या सुमारास क्षितिजावर काळा पट्टा दिसू लागतो, धुळीची वावटळ उठते. घरातील कोणाच्या ते ध्यानात येण्यापूर्वीच फाटकाजवळ बांधलेला कुत्रा उठून उभा राहतो. तो येरझाऱ्या घालतो, पुन्हा पुन्हा जांभया देतो, त्याच्या तोंडातून लाळ गळू लागते. पहिला गडगडाट होताच तो साखळीला हिसके देतो. तेवढ्यात वीज जाते, कूलर बंद पडतो आणि आतापर्यंत त्या घरघरीत बुडालेले आभाळ एकाएकी अंगावर कोसळल्यासारखे होते. पावसाची झड आत येऊ नये म्हणून घराचे दार लावून घेतले जाते. कुत्रा बाहेरच राहतो.

व्यापारी कुटुंबांत कुत्रा येतो तो बहुधा बंगल्याच्या राखणीसाठी किंवा मुलांच्या हट्टाखातर. त्याला वेळेवर अन्न मिळते, उन्हाळ्यात पाण्याचे भांडे भरलेले असते, आजारपणात औषधोपचारही होतो. मात्र स्वयंपाकघराची आणि घरातील चैत्यालयाची शुद्धता जपायची म्हणून उंबरठा ही त्याची सीमा ठरलेली असते. त्यामागे निष्ठुरता नसते, पिढ्यांची सवय असते. वर्षातील इतर दिवशी ती फारशी कोणाला जाचत नाही. वळवाच्या त्या एका तासात मात्र ती त्या जीवाला फार महाग पडते.

माणसाच्या कानाची मजल साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंत असते, कुत्र्याची सुमारे ४५ हजारांपर्यंत. माणसाला न जाणवणारे मंद आवाजही त्याला ऐकू येतात. त्यातच विजेचा लखलखाट, वाऱ्याचा बदललेला रोख आणि ओल्या मातीचा वास यांची त्याच्या मनात गडगडाटाशी सांगड बसते. म्हणून आभाळ नुसते भरून आले तरी त्याची घालमेल सुरू होते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील नॅन्सी ड्रेशेल आणि डग्लस ग्रेंजर यांनी वादळाला भिणाऱ्या १९ कुत्र्यांना त्यांच्या मालकांसमवेत वादळाचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला आणि त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक मोजले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ते तिपटीच्या आसपास वाढलेले आढळले आणि ४० मिनिटांनंतरही पूर्ववत झालेले नव्हते. पाऊस थांबला, मुले पाण्यात नावा सोडू लागली, तरी कुत्रा कोपऱ्यात थरथरतच असतो. तो हट्ट किंवा लाड नव्हे. त्याच्या शरीरातील वादळ शमायला वेळ लागतो. अशा वेळी भुंकल्याबद्दल ओरडणे किंवा दार ओरबाडले म्हणून फटका देणे म्हणजे भीतीत आणखी एका भीतीची भर घालणे होय.

पहिला उपाय साखळी सोडण्याचा आहे. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत पहिले नाव ‘बंध’ म्हणजे प्राण्याला बांधून वा कोंडून ठेवण्याचे आहे. ‘अन्नपाननिरोध’ शेवटी येतो. अन्नपाण्याच्या बाबतीत दक्ष असणाऱ्या घरांतही बंधाकडे सहसा लक्ष जात नाही. बांधलेल्या कुत्र्याला धोक्यापासून दूर पळता येत नाही. सुटण्याच्या धडपडीत त्याची मान सोलवटते, नखे तुटतात आणि पट्टा निसटलाच तर तो दिशा न पाहता थेट विजापूर रस्त्यावरील वाहनांत धावत सुटू शकतो. त्याला गच्चीवर ठेवणे त्याहूनही वाईट. तेथे तर साक्षात विजेचाच धोका असतो, शिवाय घाबरलेले जनावर कठड्यावरून उडी घेते.

त्याला चैत्यालयापर्यंत नेण्याची कोणाची अपेक्षा नाही. जिन्याखालची जागा, सामानाची खोली किंवा पुढच्या खोलीचा एखादा कोपरा पुरेसा आहे. खिडकी बंद, पडदा ओढलेला, खाली जुनी सोलापुरी चादर आणि दार किलकिले, म्हणजे कोंडल्यासारखे वाटू नये. इन्व्हर्टरवर पंखा किंवा रेडिओ चालू ठेवता आला तर उत्तम. वीज गेल्यावरची नीरव शांतताच गडगडाट अधिक भेसूर करते. पश्चिमेकडील देशांत अंगाभोवती घट्ट बसणारे जाकीट घालण्याची पद्धत आहे, परंतु त्याचा गुण सर्वच कुत्र्यांना येतो असे नाही. सोलापूरच्या मे महिन्यात तर तो प्रयोग न केलेलाच बरा.

‘जवळ घेतले तर कुत्रा अधिकच भित्रा होतो’ हा समज बराच रूढ आहे, पण त्याला आधार नाही. भीती ही काही बक्षिसाच्या आशेने केलेली युक्ती नव्हे. तो जवळ आला तर बसू द्यावे, पाठीवरून हात फिरवावा. पलंगाखाली लपला तर ओढून बाहेर काढू नये. घरातील आजींनी त्याच कोपऱ्याजवळ माळ घेऊन शांत बसावे, यापरता सोपा उपचार नाही.

यासाठी थोडी पूर्वसूचना मिळाली तर फार उपयोग होतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आपल्या भोवतालच्या २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडण्याचा इशारा देते. दुकानात बसलेल्या माणसाने तो पाहून घरी एक फोन केला की पुरे.

भीती मुळातून कमी करण्याचे काम मात्र वादळाच्या दिवसांत होत नाही. त्यासाठी हिवाळाच हवा. गडगडाटाचे ध्वनिमुद्रण अगदी हलक्या आवाजात लावावे आणि त्याच वेळी कुत्र्याला त्याचा आवडता खाऊ द्यावा. तो निवांत राहिला तरच काही दिवसांनी आवाज किंचित वाढवावा. कान टवकारून त्याने खाणे थांबवले की लगेच कमी करावा. घाई केली तर केलेले सारे वाया जाते. खाऊ म्हणून पनीरचे नखाएवढे तुकडे उत्तम. बेदाणा मात्र चुकूनही नको. द्राक्षांच्या या जिल्ह्यात घराघरांत बेदाणे असतात आणि मुले ते प्रेमाने भरवतात. पण द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. कांदा-लसूणही त्याला अपायकारक. तो धोका निदान जैन स्वयंपाकघरात तरी नाही.

एवढे करूनही कुत्रा स्वतःला इजा करून घेत असेल, तर पशुवैद्याला विचारून औषध द्यावे. भीती कमी करणारी औषधे आज उपलब्ध आहेत, परंतु नुसत्या गुंगीच्या औषधाने शरीर निपचित पडते आणि आतली भीती तशीच राहते. हा फरक डॉक्टरांना आवर्जून विचारावा. माणसांची गोळी अर्धी करून देण्याचा मोह टाळावा. आजवर न भिणारा कुत्रा उतारवयात अचानक आवाजाला दचकू लागला, तर त्याचे सांधे तपासून घ्यावेत. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातील संशोधकांच्या सहभागाने झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंगदुखी आणि आवाजाची भीती यांचा संबंध दिसून आला होता. दचकल्यावर स्नायू आखडतात, दुखरा सांधा कळवळतो आणि ती वेदना आवाजाच्या खाती जमा होते.

वळीव संपला, मृग लागला, म्हणजे सुटका झाली असे सोलापुरात होत नाही. येथे सप्टेंबरचा पाऊस मोठा असतो, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या सरी गडगडाटासहच येतात. त्यांच्या पाठोपाठ दिवाळीचे फटाके आणि संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेतील शोभेचे दारूकाम. जिन्याखालची ती चादर म्हणूनच वर्षभर अंथरलेली राहू द्यावी. एरवी, आभाळ निरभ्र असतानाही कुत्रा दुपारच्या झोपेसाठी तेथे आपणहून जाऊ लागला, तर पुढच्या वादळात त्याला बोलवावे लागणार नाही.