भार पाट्यांचा, आवर शॉकॲब्सॉर्बरचा

वाशिम जिल्ह्यातील केनवडसारख्या गावांतून सोयाबीन आणि तूर बाजारात नेणाऱ्या पिकअपला काळ्या मातीतील रस्ते हादरे देतात, तेव्हा मालाचा भार पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, पेलतात. शॉकॲब्सॉर्बर मात्र त्या पाट्यांचे झोके शमवतो. त्याच्या नळीतील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि आंदोलनाची ऊर्जा उष्णतेत बदलते. सततच्या खड्ड्यांमुळे तेल तापून फेसाळले, की झोके शमवणारा तेलाचा रोध घटतो. म्हणून सुधारित प्रकारात दाबाखालील नायट्रोजन वायू भरलेला असतो, जो फेसाला आळा घालतो. नवे शॉकॲब्सॉर्बर मूळ लांबीशी जुळणारे असावेत आणि डाव्या-उजव्या चाकांवरील त्यांची जोडी एकाच वेळी बदलावी. मात्र त्यामुळे गाडीची भारक्षमता वाढत नाही, हे वाहनधारकांनी ध्यानात ठेवावे.